डोळे तपासायला घाटकोपरला

आमच्या मुलुंडच्या इमारतीत जिन्याखाली काचेचे दार असलेला एक नोटीसबोर्ड आहे. त्याची किल्ली सेक्रेटरींच्या घरी खुंटीला असते, आणि त्या किल्लीपायी आमच्याकडे जेवढे राजकारण होते तेवढे मोठ्या निवडणुकीतही होत नसेल. सांप्रत त्या बोर्डावर चार कागद आहेत. पाण्याच्या टाक्या धुण्याची तारीख; देखभालखर्च थकवणाऱ्यांची यादी, नावानिशी आणि रकमेनिशी; मधुमेहाच्या फुकट तपासणीचे शिबिर; आणि दिवाळी पहाटेच्या गाण्यांचे निमंत्रण. पाचवा कागद मी दिला होता. तो लागला नाही. माझे भांडण त्या पाचव्या कागदावरून आहे, आणि कमिटीत हरल्यामुळे ते मी आता वाचकांच्या दारात आणले आहे. ऐन सणात भांडण आणल्याबद्दल गृहिणींनी क्षमा करावी. फराळाची बशी बाजूला ठेवण्याची गरज नाही; खाता खाता वाचले तरी चालेल.

कागदावर तीनच ओळी होत्या. मन सतत उदास असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. फोनला पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्रीही उचलतात आणि मराठीत बोलतात. बस्स, एवढेच. हा काही माझा शोध नव्हे. 'टेली-मानस' नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. कमिटीच्या बैठकीत कागद फिरला. अध्यक्ष म्हणाले, "सणासुदीचं असलं अभद्र कशाला?" दुसऱ्या एकांनी आठवण करून दिली की पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, बिल्डरची माणसे येतात-जातात, त्यांना वाटेल या इमारतीत सगळे तसलेच राहतात. तिसरे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. ते शांतपणे म्हणाले, "मुळात प्रश्नच कुठे येतो? आपल्या बिल्डिंगमध्ये तसं कुणी नाही."

मी त्यांच्याकडे पाहिले. ते छताच्या पंख्याकडे पाहत होते.

त्यांनी पंख्याकडे का पाहावे, हे सांगायचे तर आधी मला स्वतःची लबाडी सांगावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझी पत्नी गेली. त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती, म्हणजे आम्ही केली नाही. पण आपल्याकडची जुनी रीत अशी की दुखवट्याच्या घरी फराळ होत नाही तो इतरांनी पोहोचवायचा. सात घरांतून डबे आले. कुणाची चकली मोडकी, कुणाची तेलकट, एका डब्यातले अनारसे तर दगडासारखे. पण डबा घेऊन आलेले माणूस दहा मिनिटे बसत होते, तिच्याविषयी बोलत होते, आणि मी त्या सात डब्यांवर ते वर्ष काढले. वर्षश्राद्ध झाले. दुसऱ्या दिवाळीला डबे आले नाहीत. यायला नकोच होते. वर्ष सरले होते. पंचांगाप्रमाणे माझे दुःख संपले होते. फक्त मला ते कुणी कळवले नव्हते.

तेव्हापासून मी पहाटे तीनला जागा होऊ लागलो. पहिली लोकल जाताना ऐकू येईपर्यंत छताकडे बघत पडायचे. चहाला चव नाही. वर्तमानपत्र घडी न मोडता रद्दीत जाई. आंघोळीला उठणे हे कामाच्या डोंगरासारखे वाटे, आणि त्यात लाज अशी की उभा जन्म कचेरीच्या वेळा पाळलेला मी, पंचा खांद्यावर टाकून तास-तासभर पलंगाच्या कडेला बसून राही. आमच्या घरच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखर, थायरॉइड, बी-बारा सगळे तपासले. ते बरोबरच केले त्यांनी. शरीराच्या आजाराने मनही खाली बसते. सगळे ठीक निघाले. तेव्हा ते म्हणाले, "काही झालेलं नाही. मन रमवा."

मन रमवा! मराठी भाषेत याहून निरुपयोगी वाक्य मला माहीत नाही. ज्याचा पाय मोडला आहे त्याला कुणी 'जरा धावून या, बरं वाटेल' असे सांगत नाही. मन रमत नाही हाच तर आजार. पण हा उपदेश मला त्या वर्षभरात निरनिराळ्या वेषांत भेटला. मेहुण्यांनी नर्मदा परिक्रमा सुचवली. समोरच्या बाईंनी जप दिला. एका मित्राने हास्यक्लबात नेले. तेथे वीस म्हातारे हात वर करून हसत होते, आणि त्यांच्यात मला प्रथमच मोठ्याने रडावेसे वाटले. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सूर्योदयाचे चित्र आणि 'सकारात्मक राहा' हा हुकूम. नातवाने फोनवर एक ॲप टाकून दिले. त्यात समुद्राची गाज ऐकू येते. जन्म मुंबईत गेलेल्या माणसाला समुद्र ऐकायला फोन!

जपाला, फिरण्याला, हसण्याला माझा विरोध नाही. त्यांनी कुणाला बरे वाटत असेल तर उत्तमच. माझा राग आहे तो या साऱ्या सूचनांच्या मागे दडलेल्या एका आरोपावर. आरोप असा, की तुम्ही मनावर घेत नाही म्हणून तुम्ही असे आहात.

शेवटी अंधेरीला राहणारी माझी मुलगी आली आणि स्पष्टच म्हणाली, "बाबा, डॉक्टरकडे जाऊ या. मनाच्या."

मी उसळून म्हणालो, "म्हणजे मला आता ठाण्याला पाठवतेस?"

परप्रांतीय वाचकाला हे वाक्य कळणार नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. तेव्हापासून मुंबईच्या माणसाला 'ठाण्याला पाठवा' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. पुण्याकडे हाच मान येरवड्याला, कोकणात रत्नागिरीला, विदर्भात नागपूरला. राज्याची चार मनोरुग्णालये या चार गावी, आणि आम्ही त्या चारही गावांची शिवी करून ठेवली. मुलुंडकराची पंचाईत अधिकच, कारण ठाणे हे आमचे शेजारचेच स्थानक.

लहानपणी आजोळी मागच्या खोलीत आईची एक चुलत मावशी राहत असे. घरात लग्नकार्य निघाले की त्या खोलीला बाहेरून कडी लागे आणि आम्हा मुलांना सांगत, मावशीआजीला ताप आहे, जवळ जायचं नाही. तो ताप मी अकरा वर्षे पाहिला. तिचे ताट दाराच्या फटीतून आत सरकवलेले मला आजही दिसते. तेव्हा 'पूर्वी असलं काही नव्हतं हो, ही आजकालची फॅडं' असे कुणी म्हणाले, की मी विचारतो, मग ती कडी कशासाठी होती? पूर्वी सर्व काही होते. त्याला नाव नव्हते, किंवा होते ते बाहेरची बाधा, अंगात येणे, घर सोडून निघून जाणे असले होते. एकत्र कुटुंबात माणसे सांभाळली जात, असे म्हणतात. सांभाळली जात हे खरे, पण कडी लावून.

सरकारी कागदावरची भाषासुद्धा किती हळू बदलली पाहा. १९१२ चा 'लुनसी ॲक्ट', म्हणजे सरळ वेड्यांचा कायदा, स्वातंत्र्यानंतरही चाळीस वर्षे चालला. १९८७ साली नवा कायदा आला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, तेव्हा कुठे प्रथम असे लिहिले गेले की उपचार मिळणे हा या माणसाचा हक्क आहे. आणि ज्या ठाण्याच्या नावाने मी मुलीवर ओरडलो, त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था काढली, जेथे माणसे आपल्या पायांनी चालत जातात. मी मुलुंडचा. मला पुढच्या स्थानकावर उतरायचे होते. पण नाही! ठाण्याच्या गाडीत कुणी पाहिले तर? मी उलट्या दिशेची गाडी धरली. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, आणि पाचवे घाटकोपर. तेथे एक डॉक्टर मुलीने शोधून ठेवले होते. इमारतीत सांगितले, डोळे तपासायला जातो आहे. दर दुसऱ्या गुरुवारी डोळे तपासणारा मनुष्य आंधळा तरी व्हायला हवा होता. पण कुणी काही विचारले नाही.

तिसऱ्या गुरुवारी दवाखान्यात बाकावर बसलो होतो. दार उघडले आणि आमच्या इमारतीतले बँकवाले आत आले. आम्ही दोघेही जागच्या जागी थिजलो.

"तुम्ही इकडे कुठे?" ते म्हणाले.

"डोळे तपासायला," मी म्हणालो. "आणि तुम्ही?"

"मीसुद्धा. म्हणजे, मेव्हण्यांसाठी चौकशी करायला."

आमच्या डोक्यावर भिंतीवर हातभर अक्षरांत 'मानसोपचारतज्ज्ञ' असे लिहिले होते. तेवढ्यात खिडकीतल्या मुलीने त्यांचे पूर्ण नाव पुकारले आणि विचारले, "काका, मागची चिठ्ठी आणलीत ना?"

परतताना एकाच गाडीत बसलो. विक्रोळीपर्यंत दोघेही खिडकीबाहेर पाहत होतो. कांजूरमार्ग गेल्यावर ते बाहेर पाहतच म्हणाले, "दीड वर्ष झालं हो. एकदम छाती धडधडायला लागते, घाम फुटतो, वाटतं आता गेलो. दोनदा रात्री हार्टच्या डॉक्टरकडे धावलो. कार्डिओग्राम स्वच्छ. बायकोला वाटतं ॲसिडिटी आहे." मुलुंड आले. इमारतीच्या फाटकाशी ते थांबले आणि म्हणाले, "तुम्ही आधी जा. मी भाजी घेऊन येतो."

हे ते गृहस्थ. 'आपल्या बिल्डिंगमध्ये तसं कुणी नाही' हे वाक्य त्यांचे होते. मला त्यांचा राग आला नाही. बैठकीत मीदेखील 'आहे, मी आहे' असे उठून म्हणालो नाही. मी फक्त माझा कागद परत मागितला.

आता थोडा हिशेब करू. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आम्ही काही जगावेगळे असू असे मानण्याचे कारण नाही. दर शंभर प्रौढांमागे दहाहून थोडे अधिक लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने त्रस्त होते, आणि आजाराच्या प्रकारागणिक त्यांच्यातले सत्तर ते ब्याण्णव टक्के लोक उपचाराविना होते. आमच्या इमारतीत बेचाळीस घरे. सव्वाशे तरी प्रौढ माणसे धरा. म्हणजे बारा-तेरा जण. त्यांतले दोघे घाटकोपरच्या बाकावर सापडले. उरलेले कुठे आहेत? कुणी बोरिवलीला जात असतील, कुणी दादरला. आणि बोरिवलीचे बहुधा मुलुंडला येत असतील. उपनगरांतल्या लोकलगाड्या या गुपितांची किती ने-आण करतात कुणास ठाऊक. पण बहुतेकजण कुठेच जात नसतात. ते पहाटे तीनला छताकडे पाहत असतात, एकमेकांच्या डोक्यावर, मजल्यामागून मजला.

गंमत म्हणजे, कायद्याने नेमके उलटे सांगितले आहे. त्या २०१७ च्या कायद्यातील अठराव्या कलमात म्हटले आहे की कुणालाही उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सोय राहत्या जागेजवळ हवी. सरकारने ते पुरेसे पाळलेले नाही, आणि त्याबद्दल बोलायलाच हवे. शीव, केईएम, नायर आणि विलेपार्ल्याचे कूपर येथे महापालिकेचे मानसोपचार विभाग आहेत, चांगले डॉक्टर आहेत. पण बाह्यरुग्ण विभागाची वेळ सकाळची, रांग मोठी. ज्याचा एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी त्याने तेथे दर पंधरवड्याला कसे जावे? खाजगीत जावे तर मला एका बैठकीचे पंधराशे रुपये पडत, आणि माझे निवृत्तिवेतन आहे म्हणून ते पडू शकले. त्याच कायद्यात असेही आहे की विमा कंपनीने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखेच धरावे. कितीजणांनी आपली पॉलिसी काढून ते कलम पाहिले आहे? सरकारला शिव्या देताना माझा हात कुणी धरणार नाही. पण सरकारने उद्या आमच्या गल्लीत दवाखाना काढला, तर आम्ही तेथे जाऊ का? प्रामाणिकपणे सांगा. आम्ही त्या दवाखान्यावरून पुढे जाऊन घाटकोपरची गाडी धरू.

मला काय उपचार झाले ते सांगतो, कारण याविषयी भलभलत्या कल्पना आहेत. डॉक्टरांनी पाऊण तास ऐकून घेतले आणि काही महिन्यांसाठी एक गोळी दिली. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे त्यांनी आधीच सांगितले. नाहीतर मी आठव्या दिवशी बंद केली असती. बरे वाटले म्हणूनही आपल्या मनाने सोडायची नाही, हेही सांगितले. आणि मला एका समुपदेशक मुलीकडे पाठवले. (गोळी लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर, बोलून उपचार करतो तो मानसशास्त्राचा जाणकार. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ती विचारायला संकोच करू नये. आजकाल चार दिवसांची शिबिरे करून मनाचे वैद्य झालेल्यांचा सुळसुळाट आहे.) ही मुलगी माझ्या नातीच्या वयाची. मी मनात म्हटले, ही मला काय शिकवणार?

तिने मला शंभर पानी वही आणायला लावली. म्हणाली, "काका, बरं वाटलं की करेन, असं नाही. आधी करायचं, बरं मागाहून वाटेल. उद्याचं एकच काम लिहा. अगदी छोटं." मी लिहिले, गॅलरीतल्या तुळशीला पाणी. दुसऱ्या दिवशी तेवढेच केले. मग तुळस आणि दाढी. मग तुळस, दाढी आणि कोपऱ्यावरून दूध. मला हा पोरखेळ वाटला. मग कळले की यामागे विद्या आहे. माणूस उदास झाला की एकेक गोष्ट सोडतो, आणि सोडल्याने अधिक उदास होतो. ही साखळी करण्याच्या बाजूने तोडायची. गोव्यात 'संगत' संस्थेने साध्या माणसांना हे शिकवून तयार केले, प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र औदासीन्याच्या रुग्णांबरोबर त्यांना सहा ते आठ बैठकी घ्यायला लावल्या, आणि त्याचा गुण येतो हे पारखून घेतले. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या नियतकालिकात ते छापून आले. डॉक्टर नव्हेत, साधी माणसे! शिकवलेली आणि देखरेखीखालची, हे मात्र विसरू नये.

दुसरी गोष्ट तिने शिकवली ती मराठीच्या एका अक्षराची. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली. आपल्याकडे प्रा. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ती रुजवली, डॉ. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी पुष्कळांनी वाचली असेल. घटना माणसाला जेवढी छळते त्याहून अधिक त्या घटनेविषयीचा त्याचा हट्ट छळतो, असे काहीसे हे म्हणणे. मी वहीत लिहिले होते, 'मी आधी जायलाच हवे होते. पुरुषाने रडताच कामा नये. मुलीवर भार पडताच नये.' तिने पेन्सिलीने तीन ठिकाणी गोल केले आणि म्हणाली, "काका, हे तिन्ही 'च' काढून पुन्हा वाचा." मी वाचले. मी आधी जायला हवे होते. हो, तशी माझी इच्छा होती. ती पुरी झाली नाही. एवढेच ते वाक्य उरले, आणि त्या वाक्याबरोबर मला झोप लागू शकली. लगेच नाही. दोन महिन्यांनी.

हे काही सर्वांवरचे औषध नव्हे. ज्याला कानांत आवाज ऐकू येतात, ज्याला शेजारी विष घालतात असे वाटते, त्याला वही देऊ नका. त्याला डॉक्टर द्या, गोळ्या द्या, आणि त्या तो घेतो ना हे प्रेमाने पाहा. दात रोज घासावेत हे खरे. पण दाढ किडली तर मंजन वाढवून भागत नाही. पण आम्ही एक तर मंजनालाच इलाज म्हणतो, नाहीतर दात आहेत हेच नाकबूल करतो.

आणि स्त्रियांचे काय? मी पुरुष, निवृत्त. मला छताकडे पाहायला वेळ तरी होता. बोरिवलीला माझी एक भाची बाळंतपणानंतर दीड महिना रडत होती. घरात कौतुकाने बोलत होते, एवढी सोन्यासारखी लेक आणि ही रडते! कुणी म्हणाले नजर लागली, कुणी म्हणाले कामाचा कंटाळा. बाळंतपणानंतर येणारे औदासीन्य हा आजार आहे आणि तो बरा होतो, हे तिला सांगितले ते घरातल्या कुणी नव्हे. लस टोचायला गेली तेथल्या परिचारिकेने. आत्ता या क्षणी, हा अंक चाळला जात असताना, आतल्या खोलीत कढईसमोर उभी असलेली बाई किती दिवसांत मनापासून हसलेली नाही, हे घरातल्या किती पुरुषांना सांगता येईल? चकली बिघडली तर मात्र सर्वांना कळते.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशाची एक हकीकत अलीकडे वाचली. तेथे डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांची एक तरुण रुग्ण दवाखान्यापर्यंत येऊ शकली नाही, कारण बसच्या भाड्याला पैसे नव्हते. तिने आपले जीवन संपवले. त्या धक्क्यातून त्यांनी २००६ साली राजधानीच्या एका गरीब वस्तीत चौदा आज्यांना शिकवून तयार केले. आरोग्य केंद्राच्या अंगणात लाकडी बाक टाकले, आणि त्या बाकावर आजी बसे. येईल त्याचे ऐकून घ्यायचे, त्याच्या अडचणींतली एक निवडायची, तिच्यावर तोड काढायला त्यालाच लावायचे. याचीही शास्त्रीय पारख झाली, २०१६ साली. तेथल्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. मला हसू आले. आमची आजी हेच म्हणे, फार विचार करतोस!

बाक तर आमच्याकडेही आहेत. मुलुंडच्या बागेत संध्याकाळी एकही रिकामा सापडणार नाही. आम्ही म्हातारे तेथे काय बोलतो? पुनर्विकासात किती चौरस फूट मिळणार, कुणाची साखर किती, कुणाचा मुलगा अमेरिकेत कुठे. दोन वर्षे मी त्या बाकावर बसलो आणि 'मला झोप येत नाही, मला तिची फार आठवण येते' हे वाक्य उच्चारले नाही. आणि दोन्ही बाजूंना बसलेल्यांनीही आपापले वाक्य उच्चारले नाही. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत तर आमची पोरे बोलायला जातील कुणाकडे? आमच्याकडे येतील? आम्ही आधी टक्के विचारणार.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो, सणाचा अंक असला तरी. कुणी 'आता जगण्यात अर्थ नाही' असे बोलू लागले, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा निव्वळ गैरसमज आहे. विचारल्याने बहुधा माणसाला सुटल्यासारखे वाटते. मग त्याला एकटे सोडू नका, आणि तो फोन लावा किंवा थेट इस्पितळ गाठा. पुष्कळ घरे पोलिसांच्या भीतीने असल्या गोष्टी झाकतात. २०१७ च्या कायद्याने असे ठरवले की असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच मानावे आणि त्याला शिक्षा नव्हे, मदत द्यावी. आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या न्याय संहितेत तर तो जुना गुन्हाच उरला नाही.

तर मग माझ्या त्या कागदात अभद्र काय होते? थकबाकीदारांची नावे टांगताना आम्हाला लाज वाटत नाही. मधुमेहाच्या शिबिराने फ्लॅटचा भाव पडत नाही. जिन्यात आग विझवण्याचे लाल नळकांडे टांगलेले आहे. ते पाहून कुणी म्हणत नाही की या इमारतीत रोज आगी लागतात. १४४१६ हा आकडा तेवढा अशुभ!

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी बँकवाल्यांना वाचून दाखवला. त्यांच्या परवानगीशिवाय देणार नव्हतो. ते गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, "बँकेच्या जागी विमा कंपनी लिहिता येईल का?" मी म्हटले, येईल. थोड्या वेळाने म्हणाले, "नको, राहू द्या. नाहीतरी दुसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्यांवर उगीच संशय जायचा." त्यांची पत्नी चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी कागद झाकले नाहीत. उलट तिच्या हातात दिले आणि स्वतः उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. ती उभ्याउभ्याच वाचू लागली. चहा निवत होता.

सोसायटीची पुढची सभा भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे. विषयपत्रिकेत टाकीची गळती आहे, बिल्डरचा नवा मसुदा आहे, आणि शेवटी नेहमीप्रमाणे 'आयत्या वेळचे विषय'. तेव्हा आपण उठून बोलू, असे ते म्हणाले आहेत. किल्ली मात्र अजून सेक्रेटरींकडेच आहे.